दोन नावं, पाठ एकच

मशीन येडं असतंय, हे मी सुनंला पयल्याच दिवशी सांगितलं व्हतं. तिला ते पटायला कोर्स करावा लागला.

मी दुसरीपतुर शिकले. शिकले म्हंजी बसले. मास्तर पुढं बोलायचा आन मी शेजारणीच्या वेणीतल्या उवा बगायचे. तवा कांपुटरचं काय सांगनं माझ्या तोंडाला शोभत न्हाई. पर झालं ते माझ्याच घरात झालं, आन कानानं मी अजून धड हाय.

तासगावात आमी दोघीबी बेदान्याच्या शेडवर जायचो. द्राक्षं औशिदाच्या पान्यात बुडवायची, जाळीवर पसरायची, वरनं गंधकाची धुरी. त्या पान्यानं हाताची सालटी निघत्यात. माझी निघून निघून आता निघायला काय उरलं न्हाई. सुनंचं दुखनं येगळं. तिची छाती धरायला लागली. डाक्टर म्हनाला, आता हिला धुरीजवळ उभी करू नका, न्हाईतर माझ्याकडं आनायची गरज पडायची न्हाई. लेक मिल्ट्रीत, लांब बर्फात. तिकडनं फोनवर 'काळजी घे' म्हनायचा. घेतली.

सून बारावी झाल्याली. घरात बसून फोनवरनंच तिनं कांपुटरची भाषा शिकली. भाषंचं नाव पायथन, म्हंजी अजगर. चांगल्या घरात असली नावं ठेवत न्हाईत, पर असो. मंग सांगलीच्या एका क्लासवाल्या सरानं तिला काम दिलं. नवीन शिकनाऱ्यांनी फोनवर अडचनी इचारायच्या, हिनं घरात बसून सोडवायच्या. एक महिना बगनार, जमलं तर कायम. न्हाई जमलं तर पुन्हा ते शेड, ती धुरी आन तो डाक्टर.

आन जमंना. हिला सगळं येत व्हतं, घोडं तिथंच पेंड खायचं. बोलायला लागली की पुस्तक गिळून बसल्यासारखी. 'व्हेरिएबल हे मेमरीतील स्थानाचे नामाभिधान आहे.' पलीकडचा 'हं हं मॅडम' म्हनायचा आन फोन ठेवून द्यायचा. मलाबी ठेवावा वाटायचा, पर माझ्या हातात फोन नव्हता. शेवटी सरांनी तिला सांगितलं, तुमचं सगळं बरोबर आहे, फक्त कुणाला कळत नाही. घरात ज्याला काहीच येत नाही अशा माणसाला आधी शिकवून बघा.

घरात असं मानूस कोन, ते हुडकायला तिला लांब जावं लागलं न्हाई.

मंग दुपारी मी सुपातल्या बेदान्याच्या काड्या काढत बसायची आन ती मला अजगर शिकवायची. लोक जे इचारत्यात तेच मी इचारायचं, असं ठरलं. पर लोक भितभित इचारत्यात. मला कुनाचं भ्या?

ती म्हनली, मशीननं एखादं आक्षर बोलून दाखवावं वाटलं तर त्याला दोन्हीकडनं वर टिंबं द्यायची, पुस्तकात कुनाच्या बोलन्याला असत्यात तसली. मी म्हनलं, न्हाई दिली तर? तर म्हनं त्याला वाटतं हे कुनाचं तरी नाव हाय, आन ते त्या मानसाला हुडकाय जातंय. घावला न्हाई की लाल आक्षरात बोंबलतंय. मी म्हनलं, म्हंजी गावातलं कारटंच झालं की, निरोप दे म्हनलं तर मानूसच घिऊन येतंय.

मंग मोजनं आलं. ते मेलं शून्यापासनं मोजतंय. पयल्याला म्हनतंय शून्यावा. मी इचारलं, एकापासनं मोजायला काय रोग झालाय? सुनंनं मला आंगनात नेलं. म्हनली, दारापासनं पयलं झाड किती पावलांवर हाय? मी म्हनलं, दाराला चिकटूनच हाय. म्हनली, म्हंजी शून्य पावलं. दुसरं झाड एका पावलावर. मशीन झाडं मोजत न्हाई आत्या, पावलं मोजतंय. कळलं, पर पटलं न्हाई. आजून न्हाई पटल्यालं.

सगळ्यात सोपं मला एकच वाटलं. ह्या भाषंत काय ओळी आत सरकवून लिवत्यात. आत का, म्हनून सगळे नवीन लोक इचारत्यात. सून म्हनली, त्या वरच्या ओळीच्या ताब्यात असत्यात. वरची म्हनंल तवाच त्यांनी काम करायचं. मी म्हनलं, म्हंजी वरची ओळ सासू आन आतल्या सगळ्या सुना. ती हसली. मंग माझ्याकडं बगून घाईनं पुढचं सांगाय लागली.

गनित यावं लागतं का, वय झाल्यावर जमंल का, तीच तीच परश्नं लोक रोज इचारायचे. हळूहळू ती बरी बोलाय लागली. लोक फोन ठेवायच्या आधी चार शब्द जास्त बोलायचे, येवढाच फरक. महिना सरत आला आन सरांनी कळवलं, आजच्या फोनला मी पन गप बसून ऐकनार. मंग ठरवनार.

फोन आला तो रिटायर झाल्याल्या एका काकांचा. राहनार वाईचे. फोन उघड्यावर ठेवल्याला, कारन कानात बोंडं घातली की तिचं डोकं दुखतंय. म्हनून मलाबी सगळं ऐकू येत व्हतं. काकांनी भाज्यांची एक लिस्ट केली व्हती, तिला नाव दिलं 'घर'. मंग तीच लिस्ट 'पाहुणे' नावालाबी लावली. पाव्हन्यांना वांगं चालत न्हाई म्हनून पाव्हन्यांच्यातनं वांगं काढलं, तर घरातलं वांगंबी गेलं.

"मी एकाच ठिकाणी काढलं मॅडम," काका म्हनले, "दोन्हीकडनं कसं गेलं?"

सुनंचं पुस्तक पुन्हा वर आलं. रेफरन्स काय, मेमरी काय. काका 'हं' म्हनले. तो 'हं' आमाला दोघींना चांगला म्हाईत व्हता. त्याच्या पुढं फोन ठेवायचंच बाकी असतंय. सुनंच्या वठावर घाम आला. तिनं माझ्याकडं बगितलं. मी सुपाकडं बगितलं. मंग ती एकदम घरातल्यासारखं बोलाय लागली.

"काका, माझ्या सासूबाईंची दोन नावं हायेत. एक म्हायेरचं, तुमच्या वाईतलं. लग्नात ते बदलून हितं दुसरं ठेवलं. बाई बदलली का? न्हाई. हितल्या नावाला त्यांच्या सासूनं उलथन्यानं मारलं. पंचमीला त्या वाईला गेल्या. आईनं जुन्या नावानं हाक मारली आन न्हाऊ घालताना पाठ चोळली, तर वळ तिथंच. मार खाल्ला एका नावानं, घावला दुसऱ्या नावापाशी. कारन नावं दोन, पाठ एकच."

'नावं दोन, पाठ एक,' काका सवताशीच पुटपुटले. मंग म्हनले, "म्हणजे मी दुसरं नाव दिलं, दुसरी लिस्ट केलीच नाही."

"न्हाई केली. वांगं एकच व्हतं."

"आणि खरीच दुसरी हवी असेल तर?"

"तर कॉपी करायची. सासूबाईंचा लग्नाआधीचा फोटो वाईच्या घरात हाय. पुढं त्यांच्यावर जे आलं ते फोटोवर आलं न्हाई. आन आज कुनी त्या फोटोला हार घातला, तर ह्यांच्या गळ्यात पडत न्हाई."

मी जिती असताना माझ्या फोटोला हार घालून मोकळी झाली ती. काका मोठ्यानं हसले, समजलं म्हनले, तिथल्या तिथं करून बगितलं, वांगं जाग्यावर ऱ्हायलं. मंग म्हनले, वाईत कोणत्या आळीतल्या हो त्या? आमच्या ओळखीच्या निघतील.

माझा हात सुपातच ऱ्हायला. सून म्हनली, काका, ते अभ्यासात नाही.

मी सूप घिऊन परसात गेले. ती गोष्ट मी तिला एकदाच सांगितली व्हती, शेडवर पयल्यांदा तिचे हात फाटले तवा, तिनं रडायचं थांबावं म्हनून. वाईला पोचवाय न्हवती सांगितली. आईला मी सांगितलं व्हतं, सरपनाच्या ढिगातलं लाकूड पाठीवर पडलं. आई म्हनली, लाकडं नीट रचत जा. तिनं पुन्हा इचारलं न्हाई आन मी सांगितलं न्हाई. आता फोनवरनं गेलं सगळं, आन गेलं ते वाईलाच.

दाराआडनं सरांचा आवाज ऐकू येत व्हता. म्हनले, मला हेच पाहिजे होतं. हीच गोष्ट रेकॉर्ड करून द्या, प्रत्येक नवीन विद्यार्थ्याला ऐकवू, आणि तुमची जागा पक्की समजा.

सून म्हनली, "ती गोष्ट माझी नाही सर. ज्यांची आहे त्यांना विचारावं लागेल. त्या नको म्हणाल्या तर मिळणार नाही."

सर म्हनले, मग तिच्या तोडीची दुसरी आहे का? असती तर माझी कशाला काढली असती? उद्यापर्यंत बघा, म्हनून त्यांनी फोन ठेवला.

ती परसात आली, शेजारी बसली. खोकला आला तो तिनं दाबला. दाबल्याला खोकला मला लगीच कळतोय.

"चुकलं माझं, आत्या."

"चुकलंच. इचारायचं व्हतंस."

"तवा दुसरं काय सुचलंच न्हाई."

मी काड्या काढत ऱ्हायले. मनात म्हनलं, सासू मेली. ती काय त्या मशीनवर भांडाय येत न्हाई. मारलं तिनं, आन लाज मी सांभाळत बसले, जशी काय तिनं माझ्याकडं ठेवाय दिल्याली. हिकडं ही पोरगी खोकतीया. लाजंनं कुनाची छाती बरी व्हत न्हाई.

"दे म्हनावं त्याला," मी म्हनलं.

ती माझ्या तोंडाकडं बगाय लागली. मंग हळूच म्हनली, वाईचं नाव गाळू का?

"ऱ्हाऊ दे. मला भ्या व्हतं ते आईला कळायचं. ती न्हाई आता." मंग मी सूप खाली ठेवलं. "पर उलथनं न्हवतं ते. फुकनी व्हती, लोखंडाची."

"आवं, ऐकनाऱ्यांना काय फरक कळतोय?"

"पाठीला कळतोय."

ती आत गेली, दार लोटून गोष्ट रेकॉर्ड कराय बसली. मी कान दिऊन बसले. फुकनी म्हनली. लोखंडाचीबी म्हनली.

तिची जागा पक्की झाली. शेडवर यंदा मी एकटीच गेले.