व्हर्नाची डबी

आमच्या गावात कुणाला ऑपरेशन करून त्याच दिवशी घरी यायचं असेल तर दोन माणसं लागत, सर्जन आणि व्हर्ना हाउगेन. त्यातला सर्जन बदलला तरी चालत असे.

भूल दिलेल्या माणसाला हॉस्पिटल एकटं सोडत नाही. न्यायला कुणीतरी हवं आणि रात्री सोबतीलाही. नवरा गेल्यापासून व्हर्नाने हे काम स्वतःकडे घेतलं होतं. तिला ते कुणी दिलं नव्हतं. तिच्या लांबलचक ब्युइकच्या मागच्या सीटवर एक उशी, एक बादली आणि खारी बिस्किटं कायम असत. उशी पोटावर धरायला, म्हणजे सीटबेल्ट टाक्यांवर घासत नाही. बादली कशाला ते सांगायला नको. कुणाचा हर्निया, कुणाचा गुडघा, पाद्रीबुवांची मूळव्याध, तिला सगळं माहीत, पण तोंडातून कधी एक शब्द बाहेर आला नाही. हे तिचं मोठेपण आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तिच्याबद्दल फारसं बरं बोलणार नाहीये.

मार्लिस क्वाम ही तिची पहिलीपासूनची मैत्रीण. मार्लिसचं पित्ताशय काढायचं ठरलं तेव्हा तारीख मिळायच्या आधीच व्हर्नाने उशीचा अभ्रा धुऊन ठेवला. आणि मार्लिसने विचारलं मला.

मी कॉलीन, मार्लिसच्या शेजारची. लग्न करून या गावात आले त्याला जमाना झाला, तरी अजून मी 'नवी'च. मलाच का विचारलं ते मलाही कळेना. व्हर्नाच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी असते आणि ती ओतायचं काम तिच्याकडे. त्या रविवारी माझ्या कपात भांड्याच्या तळाचा गाळ आला. पुढच्या रविवारीही आला. मी तिच्याकडे पाहिलं तर ती पाद्रीबुवांशी मक्याच्या पिकाबद्दल बोलत होती.

मग एकदा ती माझ्या पायरीवर येऊन उभी राहिली.

"तुझी गाडी बुटकी आहे," ती म्हणाली. "पोटाला टाके असलेलं माणूस त्यात बसणार कसं?"

"हळूहळू बसेल," मी म्हटलं.

"आणि आदल्या रात्रीपासून तिला पाणीसुद्धा द्यायचं नाही. तू मेली मऊ मनाची, देशील घोटभर."

मऊ मनाची म्हणे. मला ती सरळसरळ पाण्यात पाहत होती. खरं तर व्हर्नाला मार्लिसचाही हेवा होताच, फक्त तो जुना होता आणि अख्ख्या गावाला ठाऊक होता. मार्लिसचे दात म्हणजे मोत्यांची माळ. शाळेत असताना जत्रेत सुंदर हसण्याचं पहिलं बक्षीस तिला मिळालं होतं आणि दुसरं व्हर्नाला. व्हर्ना ते कधी विसरली नाही.

ऑपरेशनच्या दिवशी पहाटे माझ्या गाडीपाशी गेले तर मागच्या सीटवर उशी, बादली आणि बिस्किटं. आमच्याकडे गाड्यांना कुणी कुलूप लावत नाही. सोबत एक छोटी प्लॅस्टिकची डबी होती, झाकणाची, आत कागदात गुंडाळलेल्या दोन पांढऱ्या गोळ्या. डोकेदुखीच्या असतील म्हणून मी डबी पर्समध्ये टाकली. ती दयाळू बाई एवढं सगळं ठेवून गेली याचाच मला जास्त राग आला.

हॉस्पिटलात मार्लिसचे कपडे बदलून झाले, अंगठी निघाली. मग नर्सने विचारलं, "दात तुमचे स्वतःचे आहेत ना?"

मार्लिसने माझ्याकडे पाहिलं. नंतर तोंडात बोटं घालून तिने वरची कवळी काढली, मग खालची. नर्स भांडं शोधायला लागली तेव्हा मी गोळ्या काढून पर्समधली डबी पुढे केली.

"व्हर्नाला कळता कामा नये," मार्लिस बोळक्या तोंडाने म्हणाली. "तिला नवरा शहाणा मिळाला, पोरं गुणी निघाली. माझ्याकडे तिला जळवायला दात तेवढे आहेत."

"म्हणून मला आणलंत?"

"तुझ्यासमोर कसली लाज गं? तू बाहेरची."

तिला आत नेलं. मी बाकावर बसून गोळ्यांचा कागद उलगडला. त्यावर छापलं होतं, कवळी धुण्यासाठी. डबी उलटी केली तर बुडाशी पांढरी पट्टी आणि पट्टीवर व्हर्नाचं नाव. चर्चमध्ये भांडी अदलाबदल होतात म्हणून आमच्या बायका प्रत्येक भांड्याला अशी पट्टी चिकटवतात. म्हणजे व्हर्नाला सगळं माहीत होतं.

मार्लिसला मी काही सांगितलं नाही. तिच्या घरी आणून उशीसकट आरामखुर्चीत बसवलं. ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेल्या हवेने तिचा खांदा ठणकत होता, म्हणून हात धरून बैठकीत फेऱ्या घालवल्या. पित्ताशय काढलेल्या बाईसाठी अख्ख्या चर्चने साय आणि चीज घातलेल्या बटाट्यांची भांडी पाठवली. ती सगळी माझ्या नवऱ्याने खाल्ली. मार्लिसला मी पातळ सूप करून घातलं.

व्हर्ना तेवढी आली नाही. आली ती चौथ्या दिवशी, मागच्या दाराने, हातात सुपाची बरणी घेऊन.

"आत नाही येत. वरची चरबी काढलीय, तिला सांग."

आवाज ऐकून मार्लिसने घाईने तोंडावर हात धरला. "कॉलीन, डबी दे!"

मी डबी दिली, पण उलटी धरून. तिने पट्टी वाचली आणि डबी न उघडताच मांडीवर ठेवली.

"व्हर्ना," ती म्हणाली, "आत ये."

व्हर्ना आत आली. मार्लिसने तोंडावरचा हात काढला.

"कधीपासून माहीत आहे?"

"तू कणीस चावून खायचं सोडलंस तेव्हापासून. दाणे सुरीने काढायला लागलीस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते." व्हर्नाने माझ्याकडे बोट केलं. "आणि तू सांगितलंस हिला."

"अगं, तिला कळलं काय, न कळलं काय. तू हसली असतीस तर मी मेले असते."

"मूर्ख बाई. जन्मभर तुझ्या दातांवर जळले मी. त्यातली निम्मी वर्षं खोट्या दातांवर, तेही माहीत असून."

मार्लिस हसायला लागली, बोळकं तोंड उघडं टाकून, आणि टाक्यांवर हात धरून कळवळली. मला कळायच्या आत व्हर्नाने उशी तिच्या पोटावर दाबून धरली होती.

मग तिने माझं सूप चाखलं आणि मीठ जास्त झालंय म्हणाली. मार्लिसने मान डोलावली.

"पोरी, तू जा आता घरी," व्हर्ना म्हणाली. "मी आहे."

मी पातेलं उचलून घरी आले. माझ्या खिडकीतून त्यांची बैठक दिसते. दोघींची पांढरी डोकी जवळ आली होती आणि व्हर्ना तिला चमच्याने भरवत होती. खोटं कशाला बोलू, मला व्हर्नाचा असा हेवा वाटला की घासलेलं पातेलं मी पुन्हा घासलं. तिच्यापासून मार्लिसने इतकी वर्षं दात लपवले. माझ्यापासून या गावात कुणी काहीच लपवत नाही.