स्वेटर काढून केलेलं वजन

सहा किलो दोनशे ग्रॅम. आकडा आधीच सांगते, कारण पुढच्या आठ दिवसांत ज्यांनी ज्यांनी माझ्याशी वाद घातला, त्यांतल्या एकानेही तो किती आहे असं विचारलं नाही. किती लिहायचा, एवढंच सगळ्यांना बोलायचं होतं.

मी इंदापूर तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. एकवीस वर्षं झाली. गाव बारामतीच्या रस्त्याला लागून आहे, चारी बाजूंनी ऊस. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, ओढ्याकाठी त्यांच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, पडतात, आणि चार-पाच महिने माझ्या पटावर पाहुणी मुलं येतात. त्यांचं वजन करणं, त्यांना आहार देणं हेही माझंच काम. पुष्कळ जणी ही मुलं कागदावर घेतच नाहीत. आज आहेत, उद्या नाहीत, मग कशाला व्याप, असं म्हणतात. मी घेते.

जानेवारीतल्या एका सोमवारी एक आई तेरा महिन्यांची मुलगी घेऊन आली. स्वतः विशीच्या आतबाहेरची असेल. पाचटाने हात चिरलेले. मुलगी रडत नव्हती. तेरा महिन्यांचं मूल अनोळखी हातात दिलं की रडायला हवं. ही नुसती बघत राहिली. मी झोळी अडकवली, काटा शून्यावर आणला, मुलीच्या अंगावरचं सगळं काढलं आणि वजन केलं. सहा किलो दोनशे. पुन्हा केलं. तेवढंच. या वयाच्या मुलीचं वजन सहा किलो चारशेच्या खाली गेलं की आमच्या तक्त्यावर ती लाल रंगात जाते. दंडाचा घेर अकरा सेंटिमीटर दोन मिलिमीटर. तोही लालच.

"बरं हाय का वजन?" आईने विचारलं.

"बरं नाही. हिला बारामतीच्या सरकारी दवाखान्यात न्यावं लागेल. चौदा दिवस राहावं लागेल, तुझ्यासकट."

ती हसली. मी काहीतरी चेष्टा करतेय असं तिला वाटलं असावं. "चौदा दिस? आन् मोळ्या कोण बांधंल, बाई, तुमी?"

त्या दिवशी मी आकडा वहीत लिहिला, पण मोबाइलवरच्या ॲपमध्ये भरला नाही. का भरला नाही, ते सांगायला हवं.

महिन्याअखेर इंदापूरला तालुक्यातल्या आदर्श अंगणवाड्यांचा सत्कार होणार होता. त्यात माझी अंगणवाडी होती. कारण एकच: सलग दोन वर्षं माझ्याकडे लाल रंगात एकही मूल नव्हतं. शून्य. त्या शून्याचं सगळ्यांना कौतुक होतं, आणि ते शून्य कसं आलं हे फक्त मला माहीत होतं.

थंडीच्या दिवसांत मुलाच्या अंगावर स्वेटर असतो, कानटोपी असते, लंगोट, कमरेला करदोटा, पायात वाळे. हे सगळं मी एकदा वेगळं तोलून पाहिलं होतं. चारशे ग्रॅम भरलं. नियम कपडे काढून वजन करण्याचा आहे. पण आई म्हणते, "गारठा हाय, ऱ्हाऊ द्या की." सेविका म्हणते, राहू दे. लालमधलं मूल पिवळ्यात जातं, पिवळ्यातलं हिरव्यात जातं. खोटं कोणी लिहीत नाही. काट्यावर जे दिसलं तेच लिहिलं. मागच्या हंगामात एका मुलाचं वजन मी तसंच केलं होतं, स्वेटरसकट. तीन आठवड्यांनी टोळी दुसऱ्या कारखान्याच्या भागात गेली, तिच्याबरोबर तोही गेला. पुढे त्याचं काय झालं मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. माझ्या शून्यात तो मुलगा होता.

माझे वडील मिशनच्या शाळेत गणित शिकवायचे. उत्तर चुकलं तर रागवायचे नाहीत, पण शेजारच्याचं पाहून बरोबर लिहिलं तर फार रागवायचे. चुकीचा आकडा ही चूक असते, माहीत असून लिहिलेला आकडा ही शेजाऱ्याविरुद्ध दिलेली खोटी साक्ष असते, असं म्हणायचे. नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती आणि सांगितलं होतं, हे देवाचं पाचारण समज, नुसती नोकरी समजू नकोस. हे मी एकवीस वर्षं लोकांना अभिमानाने सांगत आले. स्वेटरच्या वेळी मला ते आठवलं नव्हतं.

मंगळवारी आमच्या पर्यवेक्षिका आल्या. माझी वही चाळता चाळता त्यांचं बोट थांबलं.

"ताई, हे काय? आताच?"

"वजन आहे, मॅडम."

"ते कळलं हो. पण ही मुलगी आपली तरी आहे का? दोन महिन्यांनी जाईल ती. तुमचं बक्षीस, माझ्या बीटातल्या सगळ्या अंगणवाड्यांचं नाव, एका पाहुणीपायी घालवायचं?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी तुम्हाला खोटं लिहा म्हणत नाही हं. थंडी केवढी आहे. बाळाला स्वेटर घाला आणि परत करा वजन. सहा सहाशे भरेल. पिवळी झाली, विषय संपला."

"स्वेटर अंगी लागत नाही, मॅडम."

"तुम्ही फार हिशेबी आहात," त्या म्हणाल्या. हे त्यांनी शिवीसारखं म्हटलं. "शुक्रवारपर्यंत... बरं, सोमवारपर्यंत भरा. विचार करून भरा."

त्यांचा मला राग आला, पण आश्चर्य वाटलं नाही. त्यांच्या डोक्यावर त्यांचे साहेब आहेत, साहेबांच्या डोक्यावर आणखी कोणी. खरा संताप मला शनिवारी आला, आणि तो आणणारा माणूस माझ्या मंडळीतला, म्हणजे आमच्याच ख्रिस्ती देवळातला होता.

आमची मंडळी बारामतीला भरते. लहान आहे, चाळीस-पंचेचाळीस घरं. या वर्षी उपकारस्तुतीच्या सणाला मंडळीतल्या यशस्वी लोकांचा सत्कार करायचं पंचकमिटीने ठरवलं होतं. यादी मी पाहिली होती. एकाने नवा प्लॉट घेऊन बंगला बांधला होता, एकाचा मुलगा परदेशात गेला होता, एकाची तिसरी गाडी आली होती. चौथं नाव माझं, इंदापूरच्या बक्षिसामुळे. दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन सतरंज्या झाडणारी विधवा बाई यादीत नव्हती. आपल्या अंथरुणाला खिळलेल्या भावाचं अकरा वर्षं सगळं करणारा माणूस यादीत नव्हता. देवाने कोणाला कशासाठी बोलावलं आणि त्याने ते केलं का, एवढं सोडून बाकी सगळं त्या यादीत मोजलेलं होतं. खरं सांगते, माझं नाव पाहून मला बरंही वाटलं होतं.

शनिवारी दुपारी मंडळीचे एक पंच घरी आले. जळोचीला राहतात, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. सगळे त्यांना तात्या म्हणतात. देवळावरचे नवे पत्रे त्यांनी पदरमोड करून घातले, हेही लिहायला हवं. पर्यवेक्षिका बाईंची आणि त्यांची ओळख होती. बातमी पोहोचली होती.

"पोरी, काय ऐकतोय मी?"

मी सांगितलं. मुलगी, वजन, दंडाचा घेर. त्यांनी चहात बिस्किट बुडवलं.

"आपली मंडळी केवढीशी. तालुक्याच्या ठिकाणी, एवढ्या लोकांत, आपल्या माणसाचं नाव पुकारणार. कवा झालंय का असं? आपल्याला कोण इचारतं? येशूची लेकरं काय करत्यात ते दिसू दे की जगाला. आन् मी सणाच्या शंभर पत्रिका छापल्यात. त्यात तुझी साक्ष हाय."

"कशाची साक्ष देऊ, तात्या?"

"परभूनं दिलेल्या यशाची! ते हातानं ढकलू नगं. पोरीला दूध द्यायचं तर दे की गपचिप, मी देतो लिटर लिटर. पण त्या मोबाइलात कशाला घालती?"

"मोबाइलात घातल्याशिवाय दवाखान्याची चिठ्ठी निघत नाही, तात्या. तिला दूध नाही, उपचार पाहिजेत."

"तू लई आडमुठी हायस."

"ते यश प्रभूने नाही दिलं," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. माझे यजमान न्हाणीघरातून तोंड पुसत बाहेर आले. "ते स्वेटरने दिलं होतं. मागच्या वर्षी मी एका मुलाचं वजन स्वेटरसकट केलं. त्याची साक्ष देऊ का? तीही छापा पत्रिकेत."

तात्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "असलं काय बोलायचं न्हाय मंडळीत." आणि गेले.

मला अजूनही या वाक्याची चीड येते. बंगल्याबद्दल बोलायचं, गाडीबद्दल बोलायचं, आणि पापाबद्दल बोलायचं नाही. मग देवळात जमायचं तरी कशासाठी? पत्रे बघायला?

दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं. भाकरीचं तबक माझ्यापर्यंत आलं आणि मी ते न घेता पुढे दिलं. मनात पाप सलत असताना ती भाकर घेऊ नये असं आम्ही मानतो, म्हणून असं कोणी केलं की सगळ्यांच्या लक्षात येतं. येताना मोटरसायकलवर यांनी विचारलं, "त्या पोराचं एवढं मनात होतं, तर मला कधी बोलली नाहीस."

"स्वतःलाही बोलले नव्हते."

मग हे म्हणाले, "मी इंदापूरसाठी एसटी आगारात रजा टाकली होती."

"मग ती वापरा. मुलीला दवाखान्यात न्यायला गाडी लागेल."

सोमवारी सकाळी मी कोप्यांवर गेले. मुलीचं वजन पुन्हा केलं, स्वेटर काढून. सहा किलो एकशे पन्नास. मी विचार करत बसले त्या आठवड्यात तिचे पन्नास ग्रॅम गेले होते. तिथेच उभी राहून आकडा भरला. बटण दाबल्यावर लाल ठिपका आला. माझं शून्य संपलं.

मग मुकादम आला. टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. एक जोडी म्हणजे एक कोयता. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते. बायको दवाखान्यात गेली की उरतो अर्धा कोयता.

"बाई, अर्धा कोयता मला चालत न्हाय," तो म्हणाला. "गाडी भरायची कशी? समद्यांनीच लेकरं दवाखान्यात नेली तर आमी काय भजन करायचं?"

"अर्धा कोयता चालत नाही. अर्धी पोरगी चालते का?" मी त्याला मोबाइल दाखवला. "हे आता वरपर्यंत गेलंय. चौदा दिवसांनी मला विचारतील, मुलगी कुठे आहे. मी तुझं नाव सांगेन."

हे पूर्ण खरं नव्हतं. वरून कोणी काही विचारेल अशी माझी मुळीच खात्री नव्हती. आकड्यात खोटं लिहायचं नाही म्हणून भांडणारी मी, मुकादमाला दमात घेताना अडखळले नाही. देवापुढे तेही ठेवलं आहे.

मुकादमाने इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या कोपीतली एक म्हातारी भाकरी थापता थापता ओरडली, "जाऊ दे तिला! मी बांधते मोळ्या. माझी दोन अशीच गेली, तवा न्हाय कोन आलं वजन कराय."

मुकादम हात झटकत उसाकडे निघून गेला.

उपकारस्तुतीच्या रविवारी मी देवळात गेले नाही. त्या दिवशी आईला अंघोळीला, कपडे धुवायला मोकळं करायचं म्हणून मी बारामतीच्या दवाखान्यात मुलीजवळ बसले होते. शंभर पत्रिकांवर माझं नाव होतं, आणि तात्यांनी, मला नंतर कळलं, ते पेनने खोडायला लावलं होतं. शंभरच्या शंभर. इंदापूरचं बक्षीस दुसऱ्या गावाला गेलं. पर्यवेक्षिका बाई दोन महिने माझ्याशी कामापुरतं बोलल्या.

"माझ्यापायी तुमचं बक्षीस गेलं म्हणत्यात," आई म्हणाली. ओले केस पिळत ती दारात उभी होती.

"ते माझं नव्हतंच."

तिला ते कळलं नाही, आणि मीही समजावत बसले नाही. कारण तेवढ्यात मी मुलीला नर्सच्या हातात दिलं आणि ती रडली. चांगली खणखणीत रडली.

चौदाव्या दिवशी सहा किलो नऊशे. कपडे काढून. मी तिच्या कार्डावर तिन्ही वजनं तारखेसह लिहिली. फेब्रुवारीअखेर टोळी आपल्या गावी परतली, तेव्हा आईला बजावलं की हे कार्ड तिकडच्या बाईंना दाखवायचं, हरवायचं नाही. कोपी मोडताना निम्मं सामान मागे राहतं, कार्ड कुठलं पोचतंय, असं मला वाटलं होतं.

एप्रिलमध्ये दुपारी फोन आला. आवाज तरुण होता. "ताई, मी सेविका बोलतेय, तुमच्याकडं जी ऊसतोडीची मुलगी होती तिच्या गावची. कार्डावर तुमचा नंबर होता. आज माझ्याकडे सात किलो सहाशे भरली."

मी म्हटलं, देवाची स्तुती असो. ती थोडी घुटमळली.

"एक विचारू का? राग मानू नका. तुमचे आकडे खरे आहेत ना? नाही म्हणजे, टोळीबरोबर आलेल्या कार्डांवर सगळी मुलं हिरवीच असतात. त्यावर विसंबलं की इथं आल्यावर घात होतो. म्हणून विचारलं."

मला राग आला. तिचा नाही. एका सेविकेला दुसरीला हे विचारावं लागतं, याचा आला. त्या मागच्या वर्षीच्या मुलाचं कार्डही अशाच कुणाच्या हातात पडलं असेल, आणि तिने माझ्या आकड्यावर विश्वास ठेवला असेल.

"हे खरे आहेत," मी म्हणाले. "कपडे काढून केलेत."

"मग याच्यापुढे मी माझे आकडे मांडते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी प्रभुभोजनाचं तबक आलं तेव्हा मी भाकर घेतली.