पंखा दोनवर

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. एकतीस वर्षं तुर्भ्याच्या एका कारखान्यात आलेला माल तपासून घ्यायचं काम केलं. खोक्यावर शंभर लिहिलंय म्हणून आत शंभर असतीलच, असं मी कधी मानलं नाही. "तू देवळातल्या प्रसादाचीपण एक्सपायरी बघशील," असं नवरा म्हणतो. बघीन. त्यात काय?

रिटायर झाल्यावर घरात बसून नवऱ्याचे खिसे तपासण्यापेक्षा एका संस्थेत जायला लागले. काही मुलांना घर नसतं, काहींना असतं पण तिथे राहता येत नाही. अशा मुलांना बालकल्याण समिती दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देते. तशा प्रत्येक मुलामागे संस्था एक बाई लावते. आम्ही महिन्यातून एकदा त्या घरी जायचं, मूल कसं आहे ते बघायचं, आणि समितीपुढे त्याच्या बाजूनं बोलायचं. संस्थेत आम्हाला पाठराखीण म्हणतात. पूर्वी नवरीबरोबर सासरी जायची ती पाठराखीण. ती सासरच्यांची चहाडी लिहून पाठवायची नाही, हा फरक माझ्या फार उशिरा ध्यानात आला.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी नेरुळला एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये आमचं ट्रेनिंग असतं. एकदा शिकलात आणि सुटलात असं नाही, दर महिन्याला. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या, पण भलत्या हुशार. फ्रिज उघडायला लावा, मुलाचं दप्तर कुठे ठेवलंय ते बघा, उत्तर देताना ते कुणाच्या तोंडाकडे बघतं ते बघा. बाकीच्या बायका वहीत भराभरा उतरवून घ्यायच्या. मला मनातून हसू यायचं. हे तर मी पगार घेऊन करत होते.

माझ्या वाट्याला आलेली मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. दिघ्याला एका कामगाराच्या घरी राहायची, त्याच्या बायकोला काकी म्हणायची. तिसऱ्या भेटीत मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "रात्री कुठे झोपतेस गं?"

"किचनमध्ये. खाली," ती म्हणाली. पटकन, काही न लपवता.

झालं. मी आत जाऊन गॅसच्या ओट्याखालची गुंडाळलेली चटई बघून आले आणि रिपोर्टात लिहिलं, 'स्वतंत्र अंथरूण नाही. मूल स्वयंपाकघरात जमिनीवर झोपते.' समितीनं मुलीला तिथून हलवलं. पुढच्या ट्रेनिंगला मॅडमनी माझा रिपोर्ट, नावगाव झाकून, पडद्यावर दाखवला. "निरीक्षण असं हवं," म्हणाल्या. टाळ्या वाजल्या. खोटं कशाला बोलू, घरी येऊन नवऱ्याला मी ते दोनदा सांगितलं.

मुलगी वर्षभर बालगृहात राहिली. मग सारसोळ्याचं घर मिळालं. मासेमारी करणारं जोडपं, मूलबाळ नाही. नवरा खाडीवर जायचा, बायको बाजारात बसायची. तिला मुलगी मावशी म्हणायला लागली. सहा महिने राहू द्यायचं आणि मग मुलगी तिथेच ठेवायची की परत बालगृहात पाठवायची, ते समिती ठरवणार होती. माझ्या रिपोर्टावर बरंच अवलंबून होतं.

पहिल्याच भेटीत मला वास आला. सुक्या जवळ्याचा नाही, तो तर गल्लीभर होता. सगळं जरा जास्तच जागच्या जागी होतं, त्याचा. आतल्या छोट्या खोलीत मुलीसाठी लोखंडी पलंग, वर फुलाफुलांची चादर. मी पाणी प्यायच्या आधीच मुलगी म्हणाली, "मला इथे स्वतंत्र पलंग आहे." मी विचारलंच नव्हतं.

"झोप लागते?"

"हो. डाव्या कुशीवर झोपते. पंखा दोनवर असतो."

मावशी कपबशी घेऊन आली. "बसा ना मॅडम. पोरीला काय बी कमी नाय," म्हणाली. मी तिलाही तेच विचारलं. तिनं आधी मुलीकडे बघितलं. मग म्हणाली, "डाव्या कुशीवर झोपते. पंखा दोनवर असतो."

असतो! ही बाई एरवी 'पानी', 'हाय', 'नाय' बोलणारी, आणि हे एवढं वाक्य शाळेतल्या कवितेसारखं. मी कान टवकारले.

त्याच महिन्यात ट्रेनिंगला नेमकं हेच निघालं. मॅडम म्हणाल्या, "एकच प्रश्न तीन भेटींत तीन तऱ्हेनं विचारा. शब्दाला शब्द जुळला, तर समजा उत्तर पढवलेलं आहे." मी खूश. दुसऱ्या भेटीत विचारलं, "गरम होतं का गं रात्री?" तर म्हणे, पंखा दोनवर असतो. तिसऱ्या भेटीत मावशीला विचारलं, "पोर लोळते का फार?" तिनं पुन्हा मुलीकडे टक लावून बघितलं आणि म्हणाली, डाव्या कुशीवर झोपते. हे बघणं मला आता नीट कळलं होतं. बाई पोरीला डोळ्यांनी दटावत होती. मुलीच्या बोटांना कोलंबी सोलताना टोचल्याच्या खुणा होत्या, त्या तर मी पहिल्या दिवशीच टिपून ठेवल्या होत्या. पलंग दाखवायला, आणि पोर राबवायला! मनात रिपोर्ट लिहून तयार होता.

चौथ्या भेटीला मुद्दाम न कळवता दुपारी गेले. आतल्या खोलीत गेले आणि पंख्याचं बटण दाबलं. पंखा सरळ गरगरायला लागला. बोर्डावर बघते तर रेग्युलेटरच्या जागी नुसतं भोक, वर काळी टेप. तिथे दोन नव्हता, तीन नव्हता. चालू किंवा बंद, एवढंच. चादरीवर हात फिरवला, तर दुकानातल्या घडीच्या रेषा अजून तशाच.

सापडलात! असं अगदी ओठावर आलं होतं.

"मावशी," मी म्हटलं, "हा पंखा दोनवर कसा लावता, तेवढं दाखवा बघू."

बाईचा चेहरा खर्रकन उतरला. ती मुलीकडे बघायला लागली. आणि तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. ती दटावत नव्हती. परीक्षेत अडलेलं मूल शेजारणीकडे बघतं ना, तशी बघत होती.

मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मावशीला बोलू नका. मी शिकवलंय तिला."

"तू?"

"रोज संध्याकाळी कोलंबी सोलताना. मी तुमच्यासारखी मॅडम होते आणि तिला प्रश्न विचारते. खूप चुकते ती. पलंगपण मीच आणायला लावला. पंख्याचं राहिलं." ती बोर्डाकडे रागानं बघत होती.

"मग झोपतेस कुठे?"

तिनं चादर ओढून नीट केली. मावशीच शेवटी म्हणाली, "माज्याजवल. खाली. हे भायेरच्या खोलीत झोपतान. एकटी झोपली का दचकून उठते वो. माजा पदर हातात धरल्याबिगर डोलाच लागत नाय तिचा."

मी म्हटलं, "अगं, मग हे सरळ सांगायचंस ना मला!"

"दिघ्याला सांगितलं होतं," मुलगी म्हणाली. "खरं सांगितलं होतं. काकीपण तिथेच झोपायची, माझ्याजवळ. किचनमध्ये लादी गार लागते म्हणून. तुम्ही ते विचारलंच नाही. मग गाडी आली. काकी गाडीच्या मागे नाक्यापर्यंत आली होती."

मी त्या घडीच्या रेषांवर बसले. कुणाबरोबर? का? हे दोनच प्रश्न मी विचारायला हवे होते. खोक्यावरचं वाचून माल कधी घेतला नाही म्हणणारी मी, एका वाक्यावर पोरीचं घर मोडून आले होते आणि वर टाळ्या घेतल्या होत्या. मावशीनं पुढे केलेलं पाणी घ्यायचीही लाज वाटली.

"आता लिहिणार?" मुलीनं विचारलं.

"खरं ते लिहावं लागतं गं."

"मागच्या वेळी पण तुम्ही असंच म्हणाला होतात."

मी खरंच लिहिलं. या वेळी अर्ध्या ओळीत नाही, चार पानं. स्वतंत्र पलंग आहे, ती त्यावर झोपत नाही, मावशीजवळ झोपते, तिला तिथेच झोपायचं आहे, आणि मागचा माझा रिपोर्ट अर्धवट होता. मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, "ताई, मूल इतकं पढवलेलं असताना तुम्ही आताच्या गोष्टीवर तरी कसा विश्वास ठेवता?" प्रश्न बरोबर होता. मीही तोच विचारला असता. पण माझं डोकं फिरलं. "मॅडम, तिला पढवलं कुणी? आपणच की! दीड वर्ष आपलं ट्रेनिंग चालू आहे तिच्यावर," म्हटलं आणि फोन ठेवला. समितीपुढे मी उभी राहून दिघ्याचंही सगळं सांगितलं. त्यांनी मावशीला वेगळं विचारलं, मुलीला वेगळं विचारलं, घर बघून आले. मुलगी सारसोळ्यालाच राहील, असा आदेश निघाला.

दिघ्याला मी अजून गेलेले नाही. त्या बाईला काय सांगू, ते ठरत नाही.

आदेशानंतरच्या महिन्यात पेढे घेऊन सारसोळ्याला गेले. मावशीनं पेढा घेतला, हसली, कोलंबीचं कालवण खाऊनच जा म्हणाली. मुलगी दारात उभी होती. तिनं आधी माझ्या पिशवीकडे बघितलं, मग पिशवीतून डोकावणाऱ्या वहीकडे.

मी वही पार खाली दाबली. हसून विचारलं, "काय गं, लागते ना आता शांत झोप?"

"हो," ती म्हणाली. "डाव्या कुशीवर झोपते. पंखा दोनवर असतो."

मी आत बघितलं. बोर्डावर नवाकोरा रेग्युलेटर बसवलेला होता. त्याची खूण दोनवर होती.