पाहुण्याला पाणी न देणारं गाव

हे एका लग्नाला गेले, तिथलं पाणी प्यायले आणि कावीळ घेऊन घरी आले. त्यातच गेले. तेव्हापासून मी कोणाच्या कार्यक्रमात जेवत नव्हते. पण धाकट्या नणंदेनं, सुमननं, नातवाच्या बारशाला बोलावलं. यांची लाडकी बहीण. कुडव्याहून निघाले.

गोंदियाच्या स्टँडवरच तर्री-पोहे खाऊन घ्या. सडक अर्जुनीपर्यंत एसटी, बाईमाणसाला अर्धं तिकीट. तिथून ऑटो, दोन्ही बाजूंना धान कापलेल्या बांध्या. डोळे निवतात.

दारात सुमननं पाय धुवायला पाणी दिलं, प्यायला नाही.

"थांबा जरा वहिनी. बाटली काळी आली."

इथल्या बायका नळाचं पाणी स्वतः तपासतात. आत औषध असलेल्या लहान बाटलीत भरून उबेला ठेवायचं. जंतू असले तर एक-दोन दिवसांत काळं पडतं. सुमनची बाटली धानाच्या ढोलीत, म्हणजे कणगीत, होती. सकाळी काळी दिसली तशी तिनं गावच्या टाकीचा कॉक बंद केला. मांडवात पाहुणे, स्वयंपाक अर्धा.

तिचे थोरले दीर खुर्चीतूनच म्हणाले, "आपलाच कार्यक्रम अन् तूच पाणी बंद करून राहिली? बापजाद्यापासून हेच पिऊन राहिलो. मेला का कोणी?"

"त्या लग्नातले लोक बी असेच म्हणत होते," सुमन म्हणाली. "माया भाऊ गेला ना."

दिरांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले आणि सरपण फोडायला गेले.

बायकांनी मोठाले गंज भरून पाणी उकळायला चुलीवर चढवलं. एक म्हणाली, "पोराचं नाव उकळ्या ठेवा वं." काहीजणी फावडं घेऊन पाइपामागं चालत गेल्या. नालीतून जातो तिथं सांधा सुटला होता. तो बदलला, टाकी धुतली, जंतू मारायची टीसीएल पावडर टाकली. तरी नवी बाटली चांगली निघेपर्यंत कॉक बंदच.

जेवण पार उशिरा झालं. वरण-भात, वर उकळलेलं कोमट पाणी. मी पोटभर प्यायले.

निघताना सुमननं मला तसलीच औषधाची एक कोरी बाटली दिली. घरी येऊन नळाचं पाणी भरलं आणि तांदळाच्या डब्यात ठेवली. तेवढ्यात शेजारीण आली, "कैसा रहा बारसा?" सवयीनं पेला घेऊन माठाकडे वळले आणि थांबले.

"बैठो," म्हटलं, "आज पानी नहीं, चाय पिओ."