राईची उशी

मैत्रिणींनो, आज लेकीला डॉक्टरांकडे नेलं. पाच महिन्यांची आहे, डोकं उजवीकडून चपटं झालंय. डॉक्टर म्हणाले, "उशी काढा. जागी असताना पालथी ठेवा, एकाच बाजूला बघू देऊ नका."

राईची उशी सासूबाईंनी हौसेने शिवलेली. डोंगरीला परत येताना टॅक्सीत मी चिडलेच, "तुमच्या उशीनेच झालंय हे!"

घरी येऊन त्यांनी उशी उसवली, राई डब्यात ओतली. मग हळूच म्हणाल्या, "आता न्हाय ठेवनार उशी. पन पोर दिवसभर दाराकडंच बघते गो. तू कामाला गेलीस का तवापासून."

पाळण्याच्या उजवीकडे दार आहे.

पाळणा मी लगेच फिरवला. पण उद्या सकाळी त्याच दारातून कशी निघू, सांगाल कुणी?