सहावी फेरी आणि रिकामा हौदा

या धाग्यावर मी गेली दोन-तीन वर्षं नुसता वाचत आलोय. कोणाला घाटात बाई दिसते, कोणाच्या क्वार्टरमध्ये आपोआप नळ सुरू होतो... वाचायचं, हसायचं, झोपायचं. भूत, आत्मा, पुनर्जन्म यातलं मी काहीही मानत नाही. तेव्हा मानत नव्हतो आणि आजही मानत नाही. हे आधीच ठणकावून सांगतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही मला तुमच्या कंपूत ओढाल.

आमचं घर या बाबतीत फारच कडक. वडील पाटबंधारे खात्यात ड्रायव्हर, वर्धा जिल्ह्यात. घरात बुद्ध आणि बाबासाहेब, बाकी कोणाला प्रवेश नाही. पहाटे ड्युटीवर निघताना तिठ्यावर कोणी उतारा ठेवलेला दिसला, की बाबा गाडी थांबवून त्यातला नारळ घेऊन यायचे आणि दुपारी आमच्याकडे त्याची चटणी व्हायची. शेजारच्या बायका मला आणि ताईला रोज निरखून बघायच्या — आज मरतील, उद्या मरतील! आम्ही मेलो नाही, उलट चांगले गुटगुटीत झालो. अशा घरातला माणूस इथे लिहायला बसलाय, यावरून काय ते समजा.

ही गोष्ट २०१६-१७ च्या हिवाळ्यातली. मी तेव्हा जर्मनीत, एर्लांगेनला राहायचो आणि गाड्यांच्या ब्रेकची सॉफ्टवेअर्स बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला होतो. माझं काम एबीएसचं, त्यातही पिकअपच्या एबीएसचं. थोडं समजावून सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

घसरड्या रस्त्यावर ब्रेक जोरात दाबला की चाकं जागच्या जागी अडकतात आणि गाडी घसरत जाते. एबीएस काय करतं, तर चाक अडकतंय असं दिसलं की ब्रेक क्षणभर सोडतं, परत धरतं, परत सोडतं... सेकंदात कितीतरी वेळा. पायाखाली पेडल थरथरतं. नवखा माणूस घाबरून पाय उचलतो, तिथेच चुकतो. पाय घट्ट दाबून ठेवायचा, बाकी मशीनवर सोडायचं. आणि बर्फावर एबीएसमुळे गाडी लवकर थांबते हा लोकांचा गैरसमज आहे. लवकर थांबतेच असं नाही, पण स्टिअरिंग तुमच्या ताब्यात राहतं. आता पिकअपची गंमत अशी की तिचा मागचा हौदा रिकामा असला की मागची चाकं हलकी होतात. ब्रेक मारला की आहे तो भारही पुढे जातो आणि मागची चाकं बर्फावर नुसती नाचतात. त्यामुळे तिथल्या डोंगरी गावांत पिकअपवाले हिवाळाभर हौद्यात वाळूची पोती टाकून ठेवतात. वजन असलं की मागची चाकं नीट धरतात.

हे सगळं मला डिग्रीच्या आधीच माहीत होतं. खात्याची एक पिकअप होती, कालव्यावर पाइप आणि सिमेंट न्यायला. तिच्यावर बाबांनी मला गाडी शिकवली. पावसाळ्यात, कालव्याच्या कडेच्या चिखलात! तेही कसे, तर स्वतः मागे हौद्यात उभे राहून. "शेजारी बसलो तं तू माह्या तोंडाकडे पाहत राहतं. रस्त्याकडे पाह्य," म्हणायचे. टपावर एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल. आपल्याकडे टेम्पोच्या मागे बसलेली माणसं करतात तसंच. आणि ब्रेक कसा मारायचा? "त्याच्यावर उभा नको राहू. दाब, सोड. दाब, सोड." पुढे मी जर्मनीहून फोनवर त्यांना सांगितलं, की बाबा, तुमचं दाब-सोड आता कॉम्प्युटर करतो आणि त्याला ते शिकवायचा पगार मला मिळतो, तेव्हा ते इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली.

तो खोकला साधा नव्हता. डिसेंबरात कळलं, आणि जानेवारीत बाबा गेले.

मी गेलो नाही.

माझ्या व्हिसाचं कार्ड संपलं होतं आणि नवीन यायचं होतं. मधल्या काळासाठी एक कागद मिळतो, त्याचं नाव उच्चारेपर्यंत माणूस नागपूरला पोचेल. त्या कागदावर जर्मनीत राहता येतं, नोकरी करता येते, पण देशाबाहेर गेलं तर परत येता येत नाही. नव्याने व्हिसा काढावा लागतो, त्यात महिने जातात. सगळ्या नातेवाइकांना मी सांगितलं की कायदा आड आला. सगळ्यांनी मान डोलावली. पण खरं काय ते इथे लिहितो. जायला कोणी अडवलं नव्हतं. परत येणं अवघड होतं, म्हणून मी गेलो नाही. हे मी ठरवलं.

अंत्यविधी मी फोनवर बघितला. तिकडे सकाळचे अकरा, इकडे साडेसहा, मिट्ट काळोख. ताईने फोन धरला होता. त्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगसमोरचा बर्फ काढायची पाळी माझी होती आणि सातच्या आत रस्ता मोकळा करायचा असा तिथला नियम. जिन्यात उभं राहून मी त्रिशरण-पंचशील म्हटलं, मग फोन खिशात घातला आणि फावडं घेऊन बाहेर गेलो. खालच्या मजल्यावरचे आजोबा कुत्रा घेऊन बाहेर पडले, "मॉर्गन" म्हणाले, म्हणजे सुप्रभात. मीही "मॉर्गन" म्हणालो. त्या दिवशी माझ्याशी समोरासमोर बोललेला तो एकमेव माणूस.

त्यानंतर आठेक दिवसांनी आमची बर्फावरची चाचणी होती. एर्लांगेनहून सव्वा तासावर, डोंगरात, एक बंद पडलेली धावपट्टी आहे. दोन्ही बाजूंना लांबवर स्प्रूसची झाडं, मधे पांढरा सपाट पट्टा. वेळ सकाळी साडेदहाची, उणे सात तापमान, आकाश स्वच्छ, वारा अजिबात नाही. आम्ही दोघंच होतो. मी आणि उवे, आमचा मोजमापं बघणारा टेक्निशियन. निवृत्तीला आलेला, कमी बोलणारा, पण कामात एक स्क्रू इकडचा तिकडे होऊ न देणारा. तो पट्ट्याच्या कडेला व्हॅनमध्ये स्क्रीनसमोर बसायचा, मी पिकअपमध्ये एकटा. बोलायला वायरलेस.

आदल्या दिवशी हौद्यात दोन, चार, आठ अशी वाळूची पोती टाकून फेऱ्या झाल्या होत्या. एकेक पोतं पंचवीस किलोचं. आजच्या दहा फेऱ्या रिकाम्या हौद्याने करायच्या होत्या. ताशी पन्नासचा वेग धरायचा, पट्ट्यावर ठेवलेला लाल प्लास्टिकचा कोन आला की पूर्ण ब्रेक, गाडी थांबली की वळून परत.

पहिल्या पाच फेऱ्या पुस्तकात लिहाव्यात तशा झाल्या. मागची चाकं नाचत होती, एबीएस त्यांना सावरत होतं. मी यंत्रासारखा पाय दाबत होतो आणि खरं सांगायचं तर मला त्या कामात बरं वाटत होतं. घरी खोली खायला उठायची.

सहाव्या फेरीत ब्रेक मारला आणि लगेच जाणवलं की काहीतरी वेगळं आहे. मागून ती नेहमीची फडफड आली नाही. गाडी शांतपणे, जड पावलांनी थांबली. तेवढ्यात वायरलेसवर उवे.

"आल्झो... म्हणजे, तू पोती टाकलीस का?"

"नाही. का?"

"मागची बाजू खाली बसलीय. थांबायचं अंतर पण कमी आलंय. कालच्या दोन पोत्यांसारखा ग्राफ आहे."

मी उतरून बघितलं. हौदा रिकामा. तळाला पहाटेच्या गोठलेल्या दवाचा पातळ पांढरा थर, त्यावर एक ओरखडाही नाही. तरी मी वेड्यासारखा हात फिरवला. मग मागची उंची मोजणारा सेन्सर बंद करून परत सुरू केला आणि सातवी फेरी मारली. परत तेच.

"सेन्सर गोठला असेल," मी म्हणालो.

"सेन्सर गोठेल. पण अंतर सॅटेलाइटवरून मोजतोय, ते वेगळं यंत्र आहे. ते कसं गोठेल?" मग त्याच्या त्या सपाट आवाजात म्हणाला, "मागे कोणीतरी बसलंय तुझ्या."

त्याने गंमत केली होती. मी मनात पोती मोजायला लागलो.

दोन पोती म्हणजे पन्नास किलो. शेवटच्या आठवड्यात ताईने दवाखान्यातल्या कागदाचा फोटो पाठवला होता, त्यावर बाबांचं वजन एकोणपन्नास लिहिलेलं होतं. हे इथे लिहू नये असं वाटत होतं, कारण हा योगायोग आहे आणि तुम्ही त्याचं भलतंच काही कराल. पण झालं ते झालं.

आठवी फेरी मी मारली ती चाचणीसाठी नाही. वेग घेतला, आरशात बघितलं नाही. आरशात बघायची हिंमतच नव्हती. आणि तोंडातून निघून गेलं — "बाबा?" चौतीस वर्षांचा इंजिनिअर, ज्याने उताऱ्याच्या नारळाची चटणी खाल्लीय, तो रिकाम्या पिकअपमध्ये बापाला हाक मारतोय! कोन आला, ब्रेक दाबला, गाडी तशीच, सावकाश, भरल्यासारखी थांबली.

मी वळवली नाही. इंजिन चालू, हात स्टिअरिंगवर, आणि मला रडू आलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. वायरलेसवर उवे काहीतरी विचारत होता. मी मोठ्याने म्हणालो, "मला येता आलं असतं, बाबा. मी आलो नाही." कोणालाच न सांगितलेली गोष्ट मी त्या बर्फात, बंद काचांच्या आत बोललो.

मग टपावर दोन थापा पडल्या.

जोरात नाही. उघड्या पंजाने मारतात तशा, एकामागून एक. फांदीवरचा बर्फ पडला असेल असं म्हणाल. सगळ्यात जवळचं झाड शंभर पावलांवर होतं. थंडीने पत्रा वाजला असेल? वाजतो कधीकधी. मला माहीत आहे, मीही हेच सगळं स्वतःला सांगून बघितलं. पण त्या क्षणी मी काहीच विचार केला नाही. गिअर टाकला आणि निघालो, कारण दोन थापा म्हणजे चल.

"आता गेलं," उवे म्हणाला. "मागची बाजू वर आली."

नववी आणि दहावी फेरी पहिल्या पाचांसारखीच झाली. मागची चाकं नाचली. जेवणाच्या सुट्टीत उवेने माझ्या डोळ्यांकडे बघितलं, थर्मासमधली कॉफी स्वतःच्या कपात ओतून माझ्यापुढे सरकवली. चाचणीच्या नोंदींमध्ये त्याने सहा, सात, आठ या फेऱ्या बाद केल्या आणि पुढे 'कारण अज्ञात' असं लिहिलं. परतल्यावर सेन्सर काढून तपासला. त्यात बिघाड नव्हता. सॅटेलाइटच्या यंत्रातही नव्हता.

दोन-तीन दिवस मी अक्षरशः तरंगत होतो. मानत नाही, मानत नाही म्हणत होतो, पण आतून हलका झालो होतो. बाबा रागावले नव्हते! मला माफी मिळाली होती. हे सुख एकट्याने खाणं बरं नाही, आईलाही थोडं द्यावं, असं वाटलं. रविवारी फोन केला. ताई तिच्या सासरी परत गेली होती, आई घरी एकटीच होती. मी सगळं सांगितलं. पिकअप, दोन पोती, थापा. मला वाटलं ती रडेल, किंवा मला वेड्यात काढेल.

तिच्या मागे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, एवढं ते घर रिकामं होतं.

मग म्हणाली, "ते यायचे असते, तं पह्यले माह्याकडे नसते आले का रे बेटा? मी का इथं कमी एकटी आहो?"

तिने जेवलास का विचारलं, मी हो म्हणालो, तिने फोन ठेवला.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. त्या तीन फेऱ्यांचे ग्राफ अजून माझ्याकडे आहेत. ओळखीच्या दोन-चार इंजिनिअर मित्रांना कुठले ते न सांगता दाखवले, सगळे म्हणाले हौद्यात वजन आहे. नव्हतं. त्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही, आणि इथे कोणी मला ते द्यावं अशी अपेक्षाही नाही.

आईकडे कोणीच का गेलं नाही, याचं मात्र आहे. मी गेलो नाही.