साहेब आमच्याच बाजूचे

चितेगावच्या रंगाच्या कारखान्याचे शेठ. दुकानासाठी माल घ्यायला गेलो, की स्वतःची खुर्ची सोडून माझ्या शेजारी येऊन बसायचे. "बोला, मी तुमच्याच बाजूचा हाय," म्हणायचे. भाव मात्र त्यांचाच ठरायचा. पुढे आमदार म्हणून निवडून आले आणि शेठचे साहेब झाले.

त्या कारखान्यानं आमच्या विहिरी नासवल्या, म्हणून आम्ही गेटसमोर धरणं धरलं. साहेब गाडीतून उतरले, सतरंजीवर माझ्या शेजारी मांडी घालून बसले, माइक घेतला आणि स्वतःच्याच कारखान्याविरुद्ध घोषणा दिल्या!

धरण्याला बसलेले गावातले आप्पा डोळे पुसत म्हणाले, "लई मोठं मन हाय."

"अहो, मग भांडायचं कुणाशी?" मी विचारलं.

ऐकायला कोण होतं? साहेबांना खांद्यावर घेऊन सगळे नाचत होते. साहेबांना दाखवायला आणलेल्या माझ्या हातातल्या कॅनमध्ये विहिरीचं लाल पाणी तसंच होतं.